घरी जाऊन राहिली

माझं तोंड खवीसासारखं आहे, हे माझ्या बायकोनं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं. रागानं नाही. मी आरशासमोर दाढी करत होतो आणि ती मागे बसून गजरा ओवत माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "अवो, तुमी हसले तरी घाबराले होते."

मी म्हटलं, "मग काहून केलं माह्याशी लगन?"

"मी कुठी केलं? माह्या बापानं केलं," असं म्हणाली आणि हसत सुटली.

खवीस म्हणजे आमच्याकडच्या गोष्टींतलं उग्र भूत. मोठे दात, लाल डोळे, मुक्काम जुन्या विहिरीपाशी. माझे दात तेवढे मोठे नाहीत. पण कपाळ पुढे आहे, भुवया दाट आहेत आणि बोलणं कमी. गिऱ्हाईक हार घेताना माझ्याशी घासाघीस करत नाही, तिच्याशी करायचं.

तिचं नाव जयवंता. अमरावतीला गांधी चौकाजवळ आमचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी ओटा, वर ताडपत्री आणि पाण्याच्या बादल्या. पहाटे फुलबाजारातून माल मी आणायचो, ओवायचं काम तिचं. मागच्या मार्गशीर्षात ती गेली. पोटाचं दुखणं होतं, लवकर कळलं नाही. तेव्हापासून गजरे मीच ओवतो. विकले जातात. पण तिच्या गजऱ्यात फूल दाबलं जात नसे, माझ्या गजऱ्यात जातं.

आमच्या ओट्याच्या मागे गुलाम नबींचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. त्यांची मुलगी यास्मीन कॉलेज संपवून घरी होती, तेव्हा दुपारी जयवंताजवळ येऊन बसायची. तिच्या फोनवर पुण्याच्या एका कंपनीच्या गोष्टी यायच्या. जादूच्या आणि प्रेमाच्या. शापित राजकन्या, उडणारे घोडे, निळ्या डोळ्यांचे राजपुत्र. यास्मीन मोठ्यानं वाचायची, जयवंता हात चालवत ऐकायची. एक दिवस ती म्हणाली, "हे काय वं, दर खेपेला राजकुमारच जिंकते. यापेक्षा बरी मी सांगीन."

"मग सांगा ना काकू. मी टाइप करते."

असं ते सुरू झालं. जयवंता ओवता ओवता बोलायची, यास्मीन फोनवर उतरवून घ्यायची आणि पुण्याला पाठवायची. तिथं रागिणी मॅडम म्हणून एक होत्या. त्या आमची वऱ्हाडी बोली काढून पुस्तकातली मराठी घालायच्या. यास्मीनला त्याचा राग यायचा. जयवंताला नाही. ती म्हणायची, "करू दे वं. पुण्याच्या लोकायचं 'मले-तुले' वाचून डोकं दुखंन." मात्र तपासायची. मॅडमनी नीट केलेला भाग यास्मीन तिला वाचून दाखवायची, कुठं अर्थ हलला असेल तर जयवंता सांगायची, आणि मगच तो भाग शनिवारी लोकांच्या फोनवर जायचा.

मला मात्र ऐकू द्यायची नाही. मी बादली घेऊन आलो की दोघी गप्प. म्हणायची, "पुरी झाली की पुस्तक निंघन, तवा वाचा. अर्धं आयकून तुमी मले इचारत बसान." माझा फोन बटणांचा. त्यामुळे मला बाकी कुठून कळायचाही प्रश्न नव्हता. शेजारचे नारळवाले नत्थुजी तेवढे टोमणे मारायचे. त्यांची बायको आशाबाई त्यांना दर शनिवारी वाचून दाखवायची.

"भगवंता, तुह्या बायकोच्या गोष्टीत एक खवीस हाय बे. लय ओळखीचा वाटते."

"असंन," मी म्हणायचो.

यास्मीनचं लग्न होऊन ती अकोल्याला गेली. तरी फोनवर दोघींचं चालूच होतं. शेवटचा भाग तेवढा समोर बसून झाला. जयवंता अंथरुणाला खिळली होती आणि यास्मीन तिला पाहायला माहेरी आली होती. मी बाहेरच्या खोलीत होतो. आतून हसण्याचा आवाज येत होता, म्हणून मी आत गेलो नाही. यास्मीननं तो भाग पुण्याला पाठवला. मॅडमकडून तो नीट होऊन येईपर्यंत जयवंता गेलेली होती. तपासायला कुणी उरलं नव्हतं.

यंदा चैत्रात पुण्याच्या कंपनीनं पुस्तक छापलं आणि मला गठ्ठा पाठवला. वर पांढऱ्या घोड्यावर बसलेला राजकुमार. जयवंताचं नाव मोठ्या अक्षरात. मी गठ्ठा देवापुढे ठेवला, एक पुस्तक काढून दुकानात आणलं आणि गिऱ्हाईक नसताना वाचू लागलो. मला वाचायची सवय नाही. दोन-चार पानं झाली की डोळे भरून यायचे, ते वाचनानं की कशानं, ते सोडा.

गोष्ट केतकीची. ती माळ्याची मुलगी आहे आणि सगळी गोष्ट तीच सांगते. मी असं, मी तसं. तिची सोयरीक राजकुमाराशी जमता जमता राहते, आणि बाप दिल्या शब्दाला अडकून तिला विहिरीवरच्या खवीसाला देऊन टाकतो. सगळं गाव रडतं. केतकी पण रडते. मग त्या खवीसाच्या घरी तिला काय काय दिसतं ते पुढे येतं.

हा खवीस भाकर उभ्यानं खातो. झोपताना कानावर दुपट्टा बांधतो. केतकी आजारी पडली की दाराबाहेर पाण्याचा तांब्या धरून उभा राहतो, आत येत नाही आणि तांब्या खालीही ठेवत नाही. भांडण झालं की तो एक शब्द बोलत नाही. विहिरीवर जातो आणि घरातली सगळी भांडी पाण्यानं भरून टाकतो. हंडे, कळशा, पातेली, वाट्यासुद्धा. केतकी म्हणते, "मला चमच्यातही पाणी दिसलं, तेव्हा मला कळलं की आज याला फार वाईट वाटलं आहे."

मी पुस्तक मिटलं. चमच्यांत पाणी मी एकदाच भरलं होतं. ते तिनं पाहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

पुढे देवी केतकीवर प्रसन्न होते आणि तिला मोगऱ्याची कळी देते. कळी हातात धरून एकदाच काही मागायचं, ते मिळेल. मला वाटलं, आता ती खवीसाला देखणा करून मागणार. अशा गोष्टींत तसंच होतं, एवढं मलाही माहीत आहे. केतकीनं काय मागितलं? खवीसाच्या तळपायाच्या भेगा भरून दे म्हणाली. चालताना त्याला दुखतं आणि तो सांगत नाही.

नत्थुजी शेजारून माझ्याकडे पाहत होते. "भेगायपाशी आला काय?" त्यांनी विचारलं. "त्या शनिवारी मी आशाले म्हटलं, एवढा मोठा वर अन् भेगा! आशानं मले जेवाले वाढलं नाही बे त्या दिवशी. म्हणे, तुमाले काय समजते."

मी चपलेतले माझे पाय पाहिले. फुलांच्या धंद्यात पाय दिवसभर ओल्यात. जयवंता रात्री मेण आणि खोबरेल तेल गरम करून माझ्या टाचांना लावायची. मी नको म्हणायचो, ती लावायची. त्या दुपारी एक बाई शेवंतीचा भाव विचारून गेली, मी काही उत्तर दिलं की नाही मला आठवत नाही. मला बरं वाटत होतं. ती गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटत होतं.

मग राजकुमार परत आला.

तो वाईट माणूस नव्हता. गोड बोलायचा. त्याची संत्र्याची मोठी बाग होती. आणि त्याच्या पायांत पांढरे बूट होते. ते बूट प्रत्येक पानावर होते. घोड्यावरून उतरला की बूट, पायरी चढला की बूट, चिखलातून आला तरी बूट पांढरेच.

ते बूट कुणाचे, हे मला तिथंच कळलं. माझ्याआधी जयवंताला पाहायला मोर्शीचा एक मुलगा आला होता. संत्र्याची बाग, पक्कं घर. बोलणी जमत आली होती. त्यांच्याकडे सुतक आलं, बोलणी लांबली, तोवर तिच्या बापानं आमच्या घरी शब्द दिला. हे तिनंच मला सांगितलं होतं, हसत हसत. म्हणाली होती, "मान वर केलीच नाही मी. त्याचे पांढरे बूट तेवढे दिसले." मीही हसलो होतो. विसरून गेलो होतो.

ती विसरली नव्हती तर.

पुस्तकात राजकुमार केतकीला म्हणतो, एकदा माझा राजवाडा पाहून जा. केतकी खवीसाकडे पाहते. खवीस म्हणतो, "जा. पाहून ये." दुसरं काही म्हणत नाही. मीही म्हटलं नसतं. ती जाते. राजवाडा पाहते, बाग पाहते, तिथल्या विहिरीचं पाणी गोड असतं. आणि शेवटच्या पानावर असं होतं:

राजकुमार म्हणाला, "केतकी, हे आता तुझं घर." आणि मी राजवाड्यात, माझ्या घरी, कायमची राहायला गेले.

त्याखाली एक फूल छापलं होतं. पुस्तक संपलं.

मी मागचं पान उलटून पाहिलं, चुकून पानं चिकटली असतील म्हणून. चिकटली नव्हती.

"झालं काय वाचून?" नत्थुजी म्हणाले. "हारला ना तुहा खवीस. मी तं आधीच म्हटलं होतं, राजवाडा सोडून कोण परत येते." मग माझं तोंड पाहून म्हणाले, "जाऊ दे बे. गोष्ट हाय ते."

वरूडला दिलेली माझी मुलगी वर्षाली, तीही फोनवर तेच म्हणाली. "बाबा, गोष्ट हाय ते." मी बरं म्हटलं. पण भेगा गोष्टीतल्या नव्हत्या, चमचे गोष्टीतले नव्हते, बूटही गोष्टीतले नव्हते. मग तेवढा शेवटच गोष्टीतला कसा? बाकी मला काही नको होतं. इतकी वर्षं ती माझ्या घरात राहिली, की बापानं ठेवली म्हणून थांबली, एवढंच मला कळायला हवं होतं. आणि सांगणारी गेली होती.

त्या संध्याकाळी मी घरातली सगळी भांडी भरून ठेवली. वाट्यासुद्धा.

यास्मीनला पुस्तक द्यायचं होतंच. तिच्या बोटांनी ते लिहिलं होतं. मी दुकान बंद ठेवलं, दोन प्रती पिशवीत घातल्या आणि अकोल्याची एसटी पकडली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. खिडकीतून ऊन येत होतं. काही विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पुस्तक द्यायचं, चहा घ्यायचा, परत यायचं.

अकोल्याच्या अकोट फैल वस्तीत तिचं सासर आहे. खाली नवरा दानिशचं टेलरिंगचं दुकान, वर घर. दार सासूनं उघडलं, बिस्मिल्लाबींनी. मला पाहून त्या जरा मागे सरकल्या. मला त्याची सवय आहे. मग ओळख पटली. "अरे, फूलवाले भाईजान! आओ, बैठो. यास्मीन, तेरे काका आए."

यास्मीन कडेवर लहान मुलीला घेऊन आली. पुस्तक पाहून तिनं मुलगी सासूकडे दिली, पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. मग कव्हर पाहून तिचं तोंड वाकडं झालं. "हे काय काका? घोडा हाय, राजकुमार हाय. खवीस कुठी गेला?"

"कव्हरवर घेतला असता तं पुस्तक कोणी घेतलं असतं?" मी म्हटलं.

"काकू असत्या तं म्हटल्या असत्या, घ्या तेच तोंड, दृष्ट लागणार नाही पुस्तकाले."

आम्ही दोघं हसलो. चहा आला. ती म्हणाली, "फोनवर तो शेवटचा भाग आला ना, तो मी वाचलाच नाही. काकू गेल्या अन् मले त्याले हात लावू वाटेना. शेवट तं मले ठाऊकच होता."

मग मी ठरवलेलं माझ्याच्यानं पाळलं गेलं नाही. "यास्मीन, तो राजकुमार मोर्शीचा होता काय वं?"

"तुमाले माहीत हाय?" ती मोठ्यानं हसली. "मोर्शीचाच! काकू स्वतःच सांगत. म्हणत, तवा मान खाली होती, नुसते बूट पाह्यले. आता एकदा त्याचं तोंड पाहून घेऊ दे."

मी चहा बशीत ओतला. "मग? पाह्यलं?"

"कुठी! मी इचारो, काकू, त्याचं नाक कसं लिहू? डोळे कसे लिहू? काकू डोळे मिटून बसत. मग म्हणत, थांब वं, दिसून नाही राहिलं. शेवटपर्यंत दिसलं नाही काकूले. म्हणून तं सारे बूटच बूट हायेत. नाक-बिक मॅडमनं टाकलं."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी म्हटलं, "तोंड नाही दिसलं तरी राहिली ना शेवटी त्याच्याकडं."

"कोण?"

"केतकी. राजवाड्यात."

"कोण म्हणते?"

मी शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. तिनं वाचलं. परत वाचलं. मग तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि ती इतक्या जोरात बोलली की तिची मुलगी दचकली.

"अम्मी! इन लोगों ने लडकी को गलत घर उतार दिया!"

"हाय अल्ला," बिस्मिल्लाबी म्हणाल्या. "किस की लडकी को?"

"काकू की केतकी को!"

"तो वापस बुलाओ उसको!"

मला काही समजेना. यास्मीननं तोवर पुण्याला फोन लावला होता आणि सगळ्यांना ऐकू येईल असा करून मधे ठेवला. रागिणी मॅडमचा आवाज आला. आवाज चांगला होता, समजूतदार. यास्मीननं नाव सांगितलं, मी समोर बसलोय हेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "नमस्कार काका. पुस्तक मिळालं ना?"

"मिळालं जी."

"मॅडम," यास्मीन म्हणाली, "शेवटच्या ओळीत तुमी काय केलं? मी काय पाठवलं होतं?"

"थांब हं, माझ्याकडे तुझं मूळ आहे. कॉम्प्युटरवरच आहे." जरा वेळ टकटक ऐकू आली. "हं. 'राजकुमार म्हणे केतकी हे आता तुझं घर मी घरी जाऊन राहिली.' इथे तुझी काही खूणच नाही, स्वल्पविराम नाही, अवतरण नाही. मी ते नीट लावून घेतलं. राजकुमार म्हणाला हे तुझं घर, आणि ती त्या घरी जाऊन राहिली. बरोबर आहे ना?"

मला तिथंच कळलं. मी बशी खाली ठेवली.

यास्मीन म्हणाली, "मॅडम, तुमी आता काय करून राहिल्या?"

"मी? मी तुझ्याशी बोलतेय."

"म्हणजे बोलून राहिल्या."

"हो, म्हणजे, तुमच्याकडे तसं म्हणतात ना."

"हां. मंग तुमी बोलल्या अन् तिथंच मुक्कामाले राहिल्या, असं नाही ना झालं? बोलणं चालू हाय. तसं केतकीचं जाणं चालू हाय. तो म्हणते, हे घर तुझं. केतकी म्हणते, मी घरी जाऊन राहिली. म्हणजे निंघाली. खवीसाकडं. उठून, चपला घालून निंघाली!"

बिस्मिल्लाबींनी मान पुढे काढून फोनकडे पाहिलं, बंद पडला का म्हणून.

"म्हणजे ती निघाली होती," मॅडम हळू म्हणाल्या. "आणि मी तिला तिथंच ठेवून घेतलं."

"हो."

"अगं, इतके भाग मी नीट केले, 'करून राहिली', 'पाहून राहिली', सगळं कळत होतं मला. इथं 'घरी' होतं ना मागे. घरी जाऊन राहिली म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. राजकुमाराची गोष्ट, शेवटी राजवाडाच असणार." मग त्या थांबल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "यास्मीन, खरं सांगू? मला तो शेवट अजिबात आवडला नव्हता. माझी आई दर शनिवारी ऐकायची, तिनं तर माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणाली, भेगा भरून देणारी बाई अशी जाईल का? मी म्हटलं, लेखिकेनं लिहिलंय, मी कोण बदलणारी! आणि बदललं मीच होतं." आणि त्या हसायला लागल्या. रडतही असाव्यात. "काका, तुम्ही ऐकताय ना? माझं चुकलं हो. फोनवर मी आजच बदलते. पुस्तकाचं पुढच्या छपाईत. काय लिहू सांगा. 'मी माझ्या घरी निघाले' असं चालेल?"

यास्मीन माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, "काहीही लिहा मॅडम. तिले घरी जाऊ द्या म्हणजे झालं."

"नाही काका, आता मी माझं काही घालत नाही. त्यांनी म्हटलं तसंच ठेवते. नुसती अवतरणाची खूण करते. नाही कळलं लोकांना, तर फोन करतील मला. मी सांगेन."

फोन बंद झाला. बिस्मिल्लाबींनी विचारलं, "आ गई लडकी घर?"

"आ गई अम्मी."

"शुकर है," असं म्हणून त्या नातीला घेऊन आत गेल्या.

यास्मीन पुस्तकावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "काका, त्या दिवशी मी काकूशी लय भांडली होती. म्हटलं, असा कसा शेवट? राजवाडा, बाग, गोड पाणी, एवढं सारं सोडते केतकी? कारण तं सांगा. काकू म्हणे, कारण काय सांगाचं? मानूस संध्याकाळी घरी जाते तं कारण सांगते काय?"

मी मान हलवली.

"मंग मी म्हटलं, बरं, घरी गेली. पुढं? खवीस काय म्हणते? तवा त्या हसल्या. तुमी बाहेर होते, तुमाले आवाज आला असंन. म्हणे, तो काय म्हणंन! 'जेवली काय' म्हणंन. ते काय लिहाचं?"

आवाज मला आला होता. मी बाहेरच्या खोलीत बसून तो ऐकला होता आणि दुखतंय तरी हसतेय म्हणून बरं वाटलं होतं. ती कशाला हसली ते आता समजलं.

मी डोळे पुसले. यास्मीननं मला जेवायला बसवलं. मी ताट हातात घेऊन उभा राहिलो तशी ती म्हणाली, "बसा ना काका, खवीसासारखं उभ्यानं काय खाता," आणि स्वतःच जीभ चावली. मी बसलो. भूक लागली होती. भाजी झणझणीत होती, मी दोनदा मागून घेतली.

निघताना दानिशनं खालून दुकानातून हात केला आणि ऑटो थांबवून दिला. एसटी लगेच मिळाली. खिडकीजवळ जागा नव्हती, एका बाईशेजारी मिळाली. गाडी बोरगाव मंजूच्या पुढे गेली तेव्हा उन्हं कलली होती. मोर्शीच्या त्या माणसाचा मला पहिल्यांदाच नीट विचार आला. असेल कुठं तरी, आता म्हातारा झाला असेल. त्याच्यावर एवढं पुस्तक निघालं आणि त्याला पत्ता नाही. चांगला माणूस होता, पुस्तकात तरी. माझा त्याच्यावर काही राग नव्हता. एक प्रत पाठवावी असंही मनात आलं, मग म्हटलं राहू दे. त्याच्या घरी उगाच बूट शोधत बसतील.

फोन वाजला. नत्थुजी होते.

"अबे भगवंता, दुकान बंद, घराले कुलूप. आशानं तुह्यासाठी भाकर-पिठलं करून ठेवलं. कुठी हाय तू?"

"घरी जाऊन राहिलो," मी म्हटलं.

"राजवाड्यात काय बे?"

मी हसलो. चांगलं मोठ्यानं हसलो, बऱ्याच महिन्यांनी. शेजारची बाई माझ्याकडे पाहून पिशवी उचलून जरा सरकून बसली.